मुलांसाठी घेतलेला हार्ट रेट बँड, दहा आठवडे वापरून झाल्यावर

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला वाद नकोय. मनगटावर घालायचा साधा बँड आहे, मागच्या बाजूला हिरवा लाईट, सोबत अ‍ॅप, आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात टीन मोड. त्या टीन मोडला भुलूनच घेतला. मोठी 15 ची, धाकटा 13 चा. हृदयाची काळजी घ्या, व्यायाम करा असं मी दोन वर्षं बोलतेय आणि दोघं फोनवरची नजर न काढता हो आई म्हणतात, तर म्हटलं निदान स्वतःचे ठोके आकड्यात दिसले तरी काहीतरी आत शिरेल.

बँड एकच घेतला. आलटून पालटून घालायचा असं ठरलं होतं आणि ते पहिल्याच दिवशी मोडलं. शिवाय या अ‍ॅपमध्ये एका बँडला एकच प्रोफाईल, त्यामुळे दोघांचा डेटा एकमेकांत मिसळून असा काही ग्राफ तयार झाला की एकच माणूस सकाळी 68 वर आणि संध्याकाळी 90 वर बसलाय. दोन मुलं असतील तर हे आधी लक्षात घ्या, बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी बँड मोठीच्या हातात गेला आणि धाकटा फुरंगटून बसला, तेव्हा त्याला गप्प करायला म्हणून मी मनगटावर नाडी कशी बघायची ते दाखवलं, पहिली दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. माझ्या मते या सगळ्या खरेदीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच झाली आणि ती फुकट होती.

आता बँड नीट चालतो का? बसल्या जागी, झोपेत, मस्त. बोटांनी मोजलेलं आणि बँडचं यात दोन-तीन ठोक्यांचा फरक. पण हलायला लागलं की गंमत सुरू. एकदा जरा झपाट्याने चालताना स्क्रीनवर 118 आलं, मोठी थांबली, धाकट्याने लगेच तिची नाडी धरली तर 98. मग त्याने तिला पुन्हा तशीच चालायला लावली आणि पावलं मोजली तर मिनिटाला बरोब्बर 118! म्हणजे बँड ठोके सोडून पावलंच मोजत होता. हा या हिरव्या लाईटवाल्या सगळ्याच बँडचा प्रॉब्लेम आहे, लाईट कातडीखालच्या रक्तावर पडतो, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो आणि सेन्सर ते पकडतो, पण हात हलला की तीही लय त्यात मिसळते. पट्टा घट्ट आणि मनगटाच्या हाडाच्या थोडा वर बांधला तर बरंच सुधारतं. थंडीत हात गार असले तरी गडबडतो. छातीवर बांधायचे पट्टे असतात ते हृदयाची विजेची लहर पकडतात, ते जास्त अचूक, पण शाळकरी मुलं ते रोज बांधणार नाहीत हे मी लिहून देते. दात घासताना मात्र आमच्या बँडने दोनदा वर्कआउट ओळखला, अभिनंदन वगैरे केलं.

कॅलरीचा आकडा मी पहिल्या आठवड्यातच बंद केला आणि मुलं असलेल्या प्रत्येकाने करावा. एक तर तो धड नसतो, 2017 साली स्टॅनफर्डवाल्यांनी सात बँड तपासले होते, ठोके बहुतेकांचे ठीकठाक निघाले पण कॅलरीत त्यातल्या त्यात बऱ्या बँडची चूकही सरासरी 27 टक्के होती. आणि दुसरं म्हणजे 15 वर्षांच्या मुलीने जेवताना मनगटाकडे बघावं हे मला अजिबात नकोय. सेटिंगमध्ये ते खूप आत लपवलंय, शोधायला वीस मिनिटं गेली.

मुख्य राग टीन मोडवर. त्यात टार्गेट काय, तर रोज 30 मिनिटं, आठवड्याला पाच दिवस. म्हणजे 150 मिनिटं, हे तर मोठ्या माणसांचं आहे! डब्ल्यूएचओच्या 2020 च्या गाइडलाइन्समध्ये 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं सांगितलीयत, चांगली धाप लागेल असं काहीतरी आठवड्यात किमान तीन दिवस, आणि स्नायू-हाडं मजबूत करणारे प्रकारही तीन दिवस. कंपनीने मोठ्यांचाच प्लॅन उचलून त्याला जांभळा रंग दिला की झाला टीन मोड. त्यावर पुन्हा दहा हजार पावलं डिफॉल्ट, जो आकडा मुळात 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, यंत्राच्या नावातच दहा हजार पावलं होती.

आणि ती स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस टार्गेट पूर्ण केलं तो आकडा. गाइडलाइनमध्ये सरासरी हा शब्द आहे, त्याचा अर्थ परीक्षेच्या दिवशी 20 मिनिटं झाली आणि शनिवारी 100 झाली तर काही बिघडत नाही. पण अ‍ॅपला सरासरी कळत नाही, एक दिवस चुकला की ज्योत विझलेली दाखवतं आणि खाली रडका चेहरा. मोठीची 19 दिवसांची स्ट्रीक तुटली आणि तिने पुढचे सहा दिवस काहीच केलं नाही, आता काय उपयोग म्हणे. मध्ये तिला ताप आला, झोपून असताना ठोके 96, तापात ते वाढतातच, आणि तेव्हाही अ‍ॅपचा मेसेज की आज तुम्ही मागे पडलात, उठा. अरे तापात व्यायाम करायचा नसतो हे साधं तरी घाला रे त्यात, आकडा तुम्हालाच दिसतोय ना. त्या दिवशी सगळी नोटिफिकेशन्स बंद.

प्लॅन मग कागदावर केला, फ्रिजवर लावलाय. आठवड्याची 420 मिनिटं, कशी भरायची ते तुम्ही ठरवा म्हटलं. आधी जे होतंच आहे ते लिहून काढलं, शाळेतला पीटीचा तास, सायकल, जिने, आणि गंमत म्हणजे धाकट्याची निम्म्याहून जास्त भरलेलीच निघाली, मोठीची जेमतेम पाव. तीन दिवस दोरीवरच्या उड्या किंवा छोट्या छोट्या रेसेस, त्यात धापही लागते आणि हाडांचंही काम होतं. वेळ मुलांनी निवडली हे महत्त्वाचं, मी सकाळी सहा म्हणाले असते आणि चौथ्या दिवशी सगळं बंद पडलं असतं.

किती जोर लावायचा हे बँड झोनच्या रंगांनी दाखवतो. ते झोन ठरतात मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात त्यावर, आणि तो आकडा 220 वजा वय या सूत्राने, मोठीसाठी 205. 2001 मध्ये आलेलं दुसरं सूत्र आहे, 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा, त्याने 197 च्या आसपास येतं. दोन्ही अंदाजच, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे. मग लाल झोन नक्की कुठून सुरू यावर डोकं का लावायचं, आम्ही बोलून बघतो. वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम, दोन-चार शब्दांतच दम संपतो म्हणजे जोरात.

अ‍ॅपमधले हृदयाचे धडे मात्र कुणीही दुसऱ्याच्या पुढे पाहिले नाहीत. कोलेस्टेरॉल, धमन्या, साठीतला हसरा माणूस. 13 वर्षांच्या पोराला साठीचं काय घेणंदेणं. मी त्याला लंडनच्या बसची गोष्ट सांगितली, 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने छापलेली, एकाच बसवर ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर डबलडेकरच्या जिन्यावर वरखाली, आणि हृदयरोगाचं प्रमाण कंडक्टरमध्ये कमी. त्याने लगेच विचारलं, पण मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मी गप्प. पुढे मॉरिसनेच युनिफॉर्मची मापं तपासून हा प्रश्न घेतला होता, कामावर लागतानाच ड्रायव्हर थोडे जाड असायचे पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नव्हता, हे मी दुसऱ्या दिवशी वाचून सांगितलं. असा एक तरी धडा अ‍ॅपमध्ये हवा होता.

एकदा घाबरगुंडीही झाली. रात्री मोठी बोटांनी मोजत होती आणि म्हणाली आई ठोके एकसारखे नाहीयेत, मध्येच भरभर, मध्येच हळू. बँडवर नुसताच 71, त्यामुळे काही कळेना. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की श्वास आत घेताना ठोके वाढतात आणि सोडताना कमी होतात, या वयात ते चांगलं जाणवतं, नॉर्मल आहे. आता ती श्वास लांबवून ठोके हळू करून दाखवते, पाहुण्यांपुढेसुद्धा. पण जोराच्या व्यायामात चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर आणि मगच बँड, हे बॉक्सवर बारीक अक्षरात आहे ते मोठं हवं होतं.

फरक पडला का? धाकट्याचे सकाळी उठायच्या आधीचे ठोके पहिल्या आठवड्यात 82 होते, दहाव्यात 76. त्याने हिशोब केला, मिनिटाला सहा म्हणजे दिवसाला 8640 ठोके वाचले, आणि ते कुठे साठतात असं विचारलं. सगळं श्रेय व्यायामाला देत नाही, रात्री एकला झोपणारा मुलगा आता अकराला झोपतो. मोठीचं वेगळं, उड्या थांबवल्यावर एका मिनिटात ठोके आधी 24 ने उतरायचे, आता 34 ने, आणि हे मोजायला बँड खरंच छान, हात स्थिर असतो ना तेव्हा.

पाचपैकी तीन. मोजण्यासाठी चार दिले असते, टीन मोडने एक घालवला. पट्ट्याचं बक्कल नवव्या आठवड्यात तुटलं, वेगळा पट्टा मिळत नाही म्हणे, सध्या रबरबँडने बांधलाय आणि गंमत म्हणजे त्यामुळे घट्ट बसतो, 118 चा घोटाळा निम्म्यावर आलाय.