मायएसक्यूएलएनडी : ड्रायव्हर उत्तम, पण जुन्या कोडची काळजी घ्या

पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेतून मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणी करण्यासाठी पूर्वी मायएसक्यूएलचीच क्लायंट लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरावी लागत असे. 2009 मध्ये पीएचपी 5.3 सोबत खास पीएचपीसाठी लिहिलेला मायएसक्यूएलएनडी हा ड्रायव्हर, म्हणजे ही जोडणी सांभाळणारा कोड, आला आणि 2012 मध्ये, 5.4 पासून, तोच डीफॉल्ट ड्रायव्हर झाला. परवान्याचा गुंता सुटला, वेगळी लायब्ररी बसवण्याची गरज उरली नाही आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधी तयार करून नंतर मूल्ये भरायच्या क्वेरीचा) निकाल थेट अ‍ॅरेत घेण्याची सोय झाली. ड्रायव्हर म्हणून तो मला मनापासून आवडतो. चिंता वाटते ती जुन्या कोडची.

पासवर्डची अडचण सर्वांना ठाऊक आहे. मायएसक्यूएल 4.1 पूर्वीच्या पद्धतीचा 16 अक्षरी हॅश (पासवर्डचे सांकेतिक रूप) हा ड्रायव्हर स्वीकारत नाही आणि जोडणीच नाकारतो. मात्र त्रुटीचा संदेश स्पष्ट असतो, आणि पासवर्ड नव्या पद्धतीने पुन्हा ठरवला की काम सुरू होते.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांना खरा धोका आहे तो कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरे कोणत्या संकेतांत लिहायची त्या पद्धतीचा. जुनी लायब्ररी हा सेट कॉन्फिगरेशन फाइलमधून घेऊ शकत असे. मायएसक्यूएलएनडी ती फाइल वाचत नाही, सर्व्हरचा डीफॉल्ट सेट धरून चालतो, आणि त्या काळी अनेक सर्व्हरवर तो देवनागरी न सामावणारा लॅटिन 1 असे. मी सांभाळत असलेल्या एका ग्रंथसूचीत या बदलानंतर पुस्तकांची नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन दिसू लागली. टेबलातील मजकूर शाबूत होता. पण दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये तीच प्रश्नचिन्हे उघडून कोणी जतन केली असती, तर मूळ नाव कायमचे पुसले गेले असते. प्रत्येक जोडणीनंतर कॅरेक्टर सेट कोडमध्येच स्पष्ट सांगणे हाच त्यावरचा उपाय आहे.

पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी जोडणी करण्याची एक सोय) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे एम्युलेशन (सर्व्हरऐवजी पीडीओनेच क्वेरीत मूल्ये भरणे) बंद असेल, तर पूर्वी स्ट्रिंग म्हणून येणारे आकडे आता पूर्णांक म्हणून येतात, आणि तीन बरोबर चिन्हांची, म्हणजे मूल्यासोबत प्रकारही तपासणारी, तुलना कोणतीही त्रुटी न दाखवता खोटी ठरते. शिवाय निकालाची मेमरी आता पीएचपीच्या मर्यादेत मोजली जाते, त्यामुळे मोठे अहवाल अर्ध्यावर थांबू शकतात.

पीएचपी 8.2 पासून मायएसक्यूएलआय हे पीएचपीचे मायएसक्यूएलसाठीचे एक्स्टेन्शन जुन्या लायब्ररीसह बांधताच येत नाही. म्हणून ज्यांचा कोड अजून तिच्यावर चालतो, त्यांनी आधी माहितीची प्रत घ्यावी, चाचणीच्या सर्व्हरवर देवनागरी नोंदी उघडून पाहाव्यात आणि मगच हा ड्रायव्हर स्वीकारावा.