बोटीच्या समोरच्या काचेला ‘मरीन फिल्म’ लावून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

राजेहो, ज्यांच्याकडे फिरायची छोटी बोट आहे, मग ती गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला असो, खिंडसीला असो का तिकडे नवेगावबांध-इटियाडोहकडे, त्यांनी हे पूर्ण वाचा. बोटीच्या समोरच्या काचेला उन्हाची फिल्म लावून देतो, मरीन ग्रेड म्हणजे बोटीसाठीच बनवलेली आहे, बाहेरून येते, सात वर्षाची वॉरंटी आहे असं सांगणारा एक कार डेकोरवाला सध्या घाटाघाटावर फिरून राहिला आहे. आमचे त्याने साडेअठरा हजार घेतले, वरून काच पार खराब करून ठेवली, आणि आमच्याच घाटावरच्या आणखी दोन बोटवाल्यांना तसंच गंडवलं. तक्रार सुरू आहे म्हणून नाव लिहित नाही, पण तो काय बोलते, काय दाखवते आणि खरं काय असते ते सगळं सांगतो, म्हणजे तुमच्याकडे आला की पहिल्या पाच मिनिटातच त्याला वापस लावता येईल.

आमची बोट म्हणजे मी, चुलतभाऊ आणि भाऊजी मिळून घेतलेली जुनी फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, सहा जण आरामात बसतात. आंभोऱ्याच्या खालच्या बाजूला बॅकवॉटरला लावलेली असते. घरचे लोक, सुट्ट्यात आलेले पोट्टे, कधी नागपूरचे पाहुणे यांना चक्कर मारून आणायला घेतली, धंदा म्हणून नाही. इकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते हे काही सांगायला नको, आणि पाण्यावर तर वरून एक ऊन लागते अन् खालून पाण्याचं चमकणारं दुसरं, स्टेअरिंगवर बसणाऱ्याच्या डोळ्याला अर्ध्या तासात पाणी येते. त्यामुळे काचेला काहीतरी करू हे डोक्यात होतंच, आणि नेमका तेव्हाच हा माणूस घाटावर आला.

त्याच्याजवळ एक डेमोची पेटी असते. पेटीत लाल हिटरसारखा बल्ब, समोर एक साधी काच आणि एक फिल्म लावलेली काच. आधी साध्या काचेमागे तुमचा हात धरायला लावते, हात भाजते, मग फिल्मवाल्या काचेमागे धरायला लावते, काहीच लागत नाही. मग एक छोटं मीटर काढते, त्यावर ९९ आकडा येते आणि म्हणते, “पाहा भाऊ, ९९ टक्के गरमी कट.” भाऊजी तर तिथंच तयार झाले. पण यात दोन गोष्टी लपवलेल्या आहेत आणि ह्या नीट समजून घ्या. एक म्हणजे तो बल्ब मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारी गरमीची किरणं, फेकते आणि ते मीटर पण इन्फ्रारेडच्या एका बारीक पट्ट्यातच मोजते. आपल्या उन्हाची जी एनर्जी खाली येते तिच्यात साधारण निम्मी इन्फ्रारेड असते, बाकीची बहुतेक सगळी डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाची, यूव्ही तर चार-पाच टक्केच. म्हणजे इन्फ्रारेड पूर्ण अडवलं तरी ९९ टक्के गरमी कट होऊच शकत नाही, समोरचं दिसत असेल तर उजेड आत येते आणि उजेडासोबत गरमी येतेच. विचारायचं असेल तर टोटल सोलर एनर्जी रिजेक्शन, म्हणजे उन्हाची एकूण एनर्जी किती टक्के अडते, ते विचारा, चांगल्या कंपन्या हा आकडा वेगळा देतात आणि तो त्या ९९ पेक्षा बराच कमी असते. दुसरी गोष्ट, पेटीतल्या काचेवरची फिल्म आणि तुमच्या बोटीवर लावायला आणलेला रोल ही एकच वस्तू आहे याची काहीच खात्री नसते. आमच्यावर जे लावलं ते साधं रंगवलेलं कारचं स्वस्त फिल्म होतं, हे नंतर कळलं.

आणखी एक त्याची गोष्ट, जी ऐकायला एकदम बरोबर वाटते. तो म्हणते गाडीला काळी फिल्म लावली तर पोलीस पकडतात, सुप्रीम कोर्टाचा ऑर्डर आहे, पण बोटीला असा काही कायदा नाही म्हणून तुम्ही सगळ्यात डार्कवाली लावा, २० टक्केवाली. आता २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदीचा आदेश दिला हे खरं आहे, आणि मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०० नंबरच्या नियमात समोरच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार गेला पाहिजे असं आहे, तेही खरं. पण गाडीला हे ७० टक्के काहून ठेवलं ते पाहा ना. समोरचा माणूस दिसावा म्हणून ठेवलं. पाण्यावर तर ना रोड लाइट, ना पट्टे, आणि आमच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या जरासे वर नाहीतर जरासे खाली उभी आहेत, ढिवर लोकांची जाळी पसरलेली असतात आणि त्या जाळ्यांची खूण म्हणजे थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या. तिथं समोरून फक्त २० टक्के उजेड येऊ देणारी काच लावायला सांगणं म्हणजे लोकांच्या जीवाशी खेळणं आहे, हे मला पैशापेक्षा जास्त लागलं.

आता लावताना काय केलं ते सांगतो. आमच्या बोटीची समोरची काच ही काच नाहीच, वाकवलेलं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक आहे. छोट्या बोटींवर बहुतेक अ‍ॅक्रिलिकच असते, काहींवर पॉलीकार्बोनेट, ज्याला दुकानदार लेक्सन म्हणतात, आणि थोड्या मोठ्या बोटींना खरी टफन काच. ओळखायला सोपं आहे, टिचकी मारली की काच टणटण वाजते आणि हाताला थंड लागते, प्लास्टिकचा आवाज बसका येते. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा छापलेला शिक्का पण असते. या माणसाने एकदा पण हे पाहिलं नाही, विचारलं नाही. आला, पोऱ्याच्या हातून उग्र वासाच्या क्लीनरने पुसून घेतलं, तो वास सरळ अमोनियाचा होता, आणि अमोनियावाला काच-क्लीनर अ‍ॅक्रिलिकवर कधीच मारू नये, त्याने आतून केसासारख्या बारीक चिरा सुटतात. मग फिल्म टाकून हीटगनने शेकलं. अ‍ॅक्रिलिक शंभर-एकशे पाच डिग्रीच्या आसपास नरम पडते आणि हीटगनची हवा त्याच्या कितीतरी वर जाते. मग सगळ्यात वाईट काम, फिल्मच्या कडा त्याने अ‍ॅक्रिलिकवरच ब्लेड दाबून कापल्या. कारच्या काचेवर सगळे तसंच कापतात कारण काचेला ब्लेड तेवढं लागत नाही, पण अ‍ॅक्रिलिकवर ब्लेडची रेघ पडली की ती कायमची, आणि बोट लाटेवर आपटली की सगळा ताण त्या रेघेवरच येते.

पैसे दहा हजार अ‍ॅडव्हान्स आणि बाकीचे काम झाल्यावर, आणि तेही दुकानाच्या नावाने नाही, त्याच्या साळ्याच्या नंबरवर यूपीआय करायला लावले, दुकानाचं मशीन बंद आहे म्हणे. बिल मागितलं तर म्हणाला, “वॉरंटी कार्ड आहे ना भाऊ, बिलाचं काय काम?” कार्डवर चमकणारं होलोग्राम आणि एक लांबलचक नंबर. ज्या कंपनीचं नाव कार्डवर छापलं आहे तिला नंतर मेल केला तर त्यांचं उत्तर आलं की असा नंबर आमच्याकडे नाही आणि प्लास्टिकच्या विंडशिल्डवर लावायला आम्ही हे प्रॉडक्ट देतच नाही.

फिल्मला बुडबुडे यायला वेळ लागला नाही. आधी खालच्या कोपऱ्यात, मग मधोमध, नाण्याएवढे. तो म्हणाला पाणी आहे आत, उन्हाने वाळेल. वाळलं नाही, वाढलं. कारण लावताना आत राहिलेलं पाणी नव्हतंच ते. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेट हवेतला ओलावा पितात आणि तापले की सोडतात, वरून फिल्म चिकटवली की त्या वाफेला बाहेर निघायला जागा राहत नाही. त्यात काळी फिल्म ऊन स्वतः पिऊन गरम होते आणि खालच्या प्लास्टिकला अजून तापवते. शिवाय अ‍ॅक्रिलिक काचेच्या मानाने सात-आठ पट जास्त फुगते, मीटरभर लांब शीट तीस डिग्रीने तापली तर दोन मिलिमीटर वाढते, काच पाव मिलिमीटर, आणि ती फिल्म नि तिचा गोंद काचेच्या हिशोबाने बनवलेला. कडा निघाल्या, रंग जांभळा व्हायला लागला.

आता याच्यापुढे जे झालं ते खरी फसवणूक. फोन केला तर तो म्हणाला, “भाऊ, पाणी उडते ना तुमच्या बोटीवर, पाण्याचं डॅमेज वॉरंटीत येत नाही.” मरीन म्हणून विकलेल्या फिल्मला पाणी चालत नाही असं तो तोंडावर सांगून राहिला होता. चुलतभाऊ संतापला तर मग नरम आला, म्हणे जुनी काढून अँटी-बबलवाली लावून देतो, फक्त काढायचे चार हजार द्या. ते त्याने घेतले, आणि फिल्म काढायला चक्क थिनर ओतला. ती शीट पार पांढुरकी झाली, दुधाळ, त्यात जाळं पडल्यासारख्या चिरा. मग म्हणते शीटच खराब होती तुमची. त्यानंतर तो फोन उचलत नाही, दुकानात गेलं की मालक बाहेर गेले असं पोऱ्या सांगते.

त्याच दरम्यानची एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. फिल्म अजून काढायची होती, ऊन उतरलेलं, भाऊजींनी स्टेअरिंग धरलेलं आणि मागे बहिणीची पोरं लाइफ जॅकेट घालून बसलेली. काचेतून समोरचं पाणी सगळं एकसारखं राखाडी दिसत होतं. एकदम बाजूने आरोळी आली, “अबे थांबवा, डोंगा हाय समोर!” एक म्हातारे ढिवर काका डोंग्यात उभे राहून जाळं ओढत होते, भाऊजींनी काचेच्या वरून मान काढून पाहिलं तेव्हा ते दिसले, काचेतून दिसलेच नव्हते. इंजिन बंद केलं, बोट सरकत त्यांच्या जाळ्याजवळून गेली. काका शिव्या देऊ शकत होते, त्यांनी फक्त म्हटलं, “बापू, माह्यं सोड, तुह्ये लेकरं हायेत ना बोटीत.” त्यानंतर काढेपर्यंत ती बोट आम्ही अंधारात पाण्यात टाकली नाही.

खरं काय झालं ते आम्हाला बोटवाल्याने नाही, भंडाऱ्याच्या एका बोर्डवाल्याने सांगितलं. दुकानांच्या पाट्या, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं बनवणारा माणूस, त्याचा हात रोज याच मालावर असते. शीट हातात घेतल्याबरोबर म्हणाला थिनर मारलं ना यावर? आणि ब्लेडच्या रेघेवरून बोट फिरवून दाखवलं की चीर नेमकी तिथूनच सुरू झाली आहे. गोंद काढायचाच होता तर थोडं रॉकेल मऊ कपड्यावर घेऊन हळूहळू पुसायचं आणि मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचं, अ‍ॅक्रिलिकला ते चालते, थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यातलं काही चालत नाही. त्याने पाच मिनिटात जे सांगितलं ते या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, कारण काढताना त्याने पोऱ्याला आम्हाला चहा प्यायला घेऊन जायला लावलं होतं, चुलतभाऊ मध्येच वापस आला म्हणून थिनरचा डबा दिसला.

ऊन कमी करायचं असेल तर शीटच रंगीत मिळते, स्मोक ग्रे नाहीतर ब्राँझ, रंग मालाच्या आतच असते म्हणून निघायचा, फुगायचा प्रश्न नाही. जुनी काच साचा म्हणून द्यायची, हलका शेड घ्यायचा, आणि बोल्टची भोकं बोल्टपेक्षा जरा मोठी ठेवून रबर वॉशर टाकायचे, आवळून टाकायचं नाही, नाहीतर उन्हात फुगली की भोकापासून तडकते. डोक्यावर कापडाचं छत करा, बोट उभी असताना काचेवर कव्हर टाका. आणि पाण्याची चमक हाच त्रास असेल तर चालवणाऱ्याने पोलराइज्ड गॉगल घालावा, पाण्यावरून आडवी येणारी चमक तोच कापते, काळी फिल्म तर चमक आणि खोड दोन्ही सारखंच अंधुक करते. आमची नवीन शीट त्याच बोर्डवाल्याकडे दिली आहे, पक्क्या बिलावर.

तक्रारीचं असं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे घटनेपासून दोन वर्षाच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते आणि पाच लाखापर्यंतच्या मामल्याला फी लागत नाही. बिल नसलं म्हणून घरी बसू नका. आमच्याजवळ यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, ते खोटं कार्ड आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः पाठवलेला ‘मरीन फिल्म’चा भाव आहे, कंपनीचं मेलवरचं उत्तर आहे, आणि खराब झालेली शीट फेकली नाही, गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. एकाच माणसाने सारखंच फसवलेले लोक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, म्हणून घाटावरचे आम्ही तिन्ही बोटवाले सोबत अर्ज टाकून राहिलो. गोंदियाच्या बाजूला पण त्याने कोणाकडून पैसे घेतले असतील तर त्यांनी आपले स्क्रीनशॉट डिलीट करू नये आणि जुनी शीट भंगारात देऊ नये, आणि काम अजून अर्धं असेल तर बाकीचे पैसे अजिबात देऊ नये, तो कितीही म्हणो की माणूस घाटावर येऊन उभा आहे.