नाकाची शस्त्रक्रिया: रूपासाठी की श्वासासाठी?

आरशात खुपतं ते दुखणं वेगळं आणि रात्री तोंड उघडं टाकून झोपायला लावतं ते वेगळं. पहिल्यासाठी ऱ्हायनोप्लास्टी: नाकाचा उंचवटा, शेंडा, रुंदी बदलते. दुसऱ्यासाठी बऱ्याचदा सेप्टोप्लास्टी: दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ करतात, बाहेरून नाक जवळपास तसंच राहतं.

सेप्टोप्लास्टीतून सावरायला सहसा काही आठवडे पुरतात. ऱ्हायनोप्लास्टीत मात्र शेंड्याची सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला वर्षही लागतं. लग्नाची तारीख धरून बसलेल्यांनी हे आधीच ऐकलेलं बरं!

माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. देखणेपणासाठी नाक फार बारीक केलं, तर आतली हवेची वाट अरुंद होऊन श्वास कोंडू शकतो. दोन्ही तक्रारी असल्या तर दोन्ही कामं एकाच वेळी होतात. पडद्यातल्याच कूर्चेचा तुकडा शेंड्याला आधार म्हणून वापरता येतो.