39 किलो टायटॅनियम, त्यात टायटॅनियम शून्य

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटते. लेथवर 22 वर्षं काढलेल्या माणसाला 304 स्टेनलेसचे गज टायटॅनियम म्हणून विकले आणि त्याने ते हसत उतरवून घेतले. टायटॅनियमचा अणुक्रमांकही 22. आता तो आकडा दिसला तरी डोकं फिरतं.

ऑर्डर होती ग्रेड 5 ची, म्हणजे ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेल्या टायटॅनियमची. गज 25 मिमी जाडीचे, 1 मीटर लांबीचे, एकूण 39 किलो. खाऱ्या पाण्यातल्या पंपांचे शाफ्ट करायचे होते. 70 टक्के रक्कम आगाऊ दिली, 30 टक्के माल उतरताना. दर बाजारापेक्षा एक तृतीयांश कमी. शंका आली नाही असं नाही. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे, "इल्मेनाइट, रुटाइल किनाऱ्याच्या वाळूत सापडतं, खाणीवाल्याशी थेट ओळख आहे."

वाळू खरी, बाकी थाप. टायटॅनियमचं हे खनिज मुबलकच आहे आणि त्यातलं बहुतेक पांढऱ्या रंगासाठीच्या टायटॅनियम डायऑक्साइडात जातं. महाग पडतं ते धातू काढणं. क्लोरीनने टेट्राक्लोराइड करा, मॅग्नेशियमने त्याचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र धातू, करा, मग तो निर्वातात वितळवा. विल्यम क्रोलच्या या रीतीचं पेटंट 1940 चं, आजही मुख्यतः तीच चालते. वाळूवाल्याशी ओळख असल्याने यातलं काय स्वस्त होतं? मला हे ठाऊक होतं हो. त्या दिवशी आठवलं नाही.

माल आला. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. विक्रेत्याने टॉर्चने टोक तापवलं, निळं-जांभळं झालं. "बघा, टायटॅनियमचा रंग!" चुंबक 304 लाही सहसा चिकटत नाही, आणि तापवलं की तेही निळं पडतं. मग गज काट्यावर चढवले. 39 किलो, तंतोतंत. मी सही केली.

गज 10 होते. दहा! इथे मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. असा एक गज म्हणजे 491 घन सेंटीमीटर. ग्रेड 5 ची घनता घन सेंटीमीटरला 4.43 ग्रॅम, म्हणजे गज 2 किलो 175 ग्रॅमचा. 39 किलोत जवळपास 18 गज यायला हवेत. मला मिळाले 10, प्रत्येकी 3 किलो 900. एक उचलून मी म्हणालोही, "जड लागतोय." तो म्हणाला, "टायटॅनियम हलकं असतं, कापूस नसतं." आणि मी हसलो! नग मोजा, मग तोला.

मशीनवर तरी कळायला नको होतं? टूल तापत होतं, पण उष्णता वाहून नेण्यात दोन्ही धातू आळशी. मला वाटलं, टायटॅनियम म्हटल्यावर हा त्रास आलाच. अडीच महिन्यांत शाफ्ट परत आले, टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेले. टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही, 304 खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे हार मानतं. तेव्हा कुठे उरलेला गज ग्राइंडरला लावला. टायटॅनियमच्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या. माझ्या निघाल्या पिवळट-नारिंगी. दहा सेकंदांचं काम, पैसे देण्याआधी करायचं. प्रयोगशाळेने सांगितलं: क्रोमियम 18 टक्के, निकेल 8, बाकी बहुतेक लोखंड.

सर्टिफिकेट होतं की! ॲल्युमिनियम 6 टक्के, व्हॅनेडियम 4, सगळं सुबक छापलेलं. पण झेरॉक्स. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या वितळीचा क्रमांक, गजावर होता का, हे मी पाहिलंच नाही. नव्हता. आणि बिलावर नुसतं "धातूचे गज". ग्रेड बिलावर लिहून घेतल्याशिवाय एक पैसा सोडू नका.

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. "टायटॅनियम म्हणजे रंगात घालतात ते?" तसं चूक नाही, पण मी शाफ्ट दाखवत होतो. चार फेऱ्यांनंतर सांगितलं, प्रकरण दिवाणी आहे. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं, धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक नसतो. मग मी कोण? तिथून वजनमापवाल्यांकडे धाडलं. साहेबांनी बिल वाचलं, काट्याची पावती वाचली, चष्मा काढला. "39 मागवले, 39 मिळाले. काटा बरोबर आहे. तक्रार कसली?"