टीडीआर नोव्हा: फुकट आहे पण काम एकदम पक्कं

गेले सहा-सात महिने जवळपास प्रत्येक मिक्समधे टीडीआर नोव्हा लावतोय म्हणून म्हटलं जरा नीट लिहावं. टोकियो डॉन लॅब्जचं ईक्यू प्लगइन आहे, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधे जोडून आवाजातल्या ठराविक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायचं साधन, आणि फुकट म्हणजे ट्रायल वगैरे नाही, कायमचं फुकट.

चार बँड (एकेका फ्रिक्वेन्सी-पट्ट्यासाठी एकेक), शिवाय हाय-पास (खालचं कापणारा) आणि लो-पास (वरचं कापणारा) वेगळे. दिसायला साधा ईक्यू, पण प्रत्येक बँडला थ्रेशोल्ड, म्हणजे आवाज ज्या पातळीच्या वर गेला की मगच बँड काम करतो ती मर्यादा, लावता येतो आणि खरी मजा तिथेच आहे. माझ्याकडे अकूस्टिक गिटारचा एक ट्रॅक होता, माइक साउंडहोलच्या फार जवळ लावलेला, त्यामुळे ठराविक कॉर्ड आली की २०० हर्ट्झच्या आसपास नुसतं घुमायचं. साध्या ईक्यूने तिथे ५ डीबी काढले तर घुमणं गेलं पण बाकीच्या कॉर्ड्स पार पातळ झाल्या, गिटारला अंगच राहिलं नाही. नोव्हामधे तोच बँड डायनॅमिक केला (म्हणजे त्याला थ्रेशोल्ड लावला) आणि थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत जिथे फक्त ती घुमणारी कॉर्ड आली की स्क्रीनवरची ईक्यूची रेष दबते तिथे सोडला. बाकी गिटार जशीच्या तशी! गाण्यातल्या टोचणाऱ्या 'स'-'श'ला पण हीच युक्ती, ६-७ किलोहर्ट्झला.

बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांवर चढत होते तेव्हा मात्र साधेच बँड पुरले. किकला ६० हर्ट्झला जागा दिली, बेसमधून तिथलं थोडं काढलं आणि ७००-८०० ला बेस जरा उचलला, मग लॅपटॉपच्या स्पीकरवर पण बेसची लाइन कळायला लागली. हे सगळं पूर्ण मिक्स चालू ठेवून करा, सोलोमधे (एकटा ट्रॅक ऐकताना) छान वाटलेली गिटार मिक्समधे गायकाच्या अंगावर येते. आणि आउटपुट गेन (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) जुळवून मगच बायपास करून, म्हणजे प्लगइन बंद-चालू करून बघा, नाहीतर नुसता मोठा झालेला आवाज पण चांगला वाटतो.

खटकतं ते एवढंच की ड्रम्सला चार बँड कमी पडतात, मग दुसरं नोव्हा लावावं लागतं. पैसे देऊन जेंटलमन्स एडिशन मिळते तिच्यात सहा आहेत. अजून एक, स्नेअर ड्रमवर डायनॅमिक बँड वापरणार असाल तर अटॅक (बँड दाबायला लागायचा वेळ) फार फास्ट ठेवू नका, ठोकाच खाल्ला जातो, मी २० मिलीसेकंदाच्या वर नेला तेव्हा कुठे परत आला.