ट्रिपल पेन खिडक्या: एका हिवाळ्यानंतर (आणि त्या दोन डबल पेनबद्दल जरा जास्तच)

हे अर्धं मी फेब्रुवारीत रागात लिहून ठेवलं होतं, मग राहिलं, आता नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण करतोय. त्यामुळे मधेच सूर बदलला तर चालवून घ्या.

तर फेब्रुवारीतली अवस्था अशी. सतरा हजार चारशे डॉलर घालून घराच्या तेराच्या तेरा खिडक्या बदलल्या आणि मी रोज सकाळी साडेसहाला हातात जुनं बनियान घेऊन किचनची खिडकी पुसतोय. काचेच्या खालच्या कडेला पाणी, कोपऱ्यात चक्क बर्फाची पातळ किनार, आणि ती वितळली की पाणी सिलवर, म्हणजे खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर. जुन्या खिडक्यांना हे व्हायचं तेव्हा वाटायचं, जाऊ दे, साठ वर्षांच्या आहेत. नव्यांना काय झालं?

आमचं घर मिनियापोलिसच्या दक्षिणेला ब्लूमिंग्टनमध्ये, 1964 चं रॅम्बलर, म्हणजे बैठं घर. जुन्या लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या डबल हंग खिडक्या, बाहेरून ॲल्युमिनियमच्या स्टॉर्म, म्हणजे थंडी अडवायला लावलेल्या जादाच्या खिडक्या. दर ऑक्टोबरला हेअर ड्रायर घेऊन प्लॅस्टिक ताणून बसवायचं, दर एप्रिलला फाडून काढायचं आणि त्याच्याबरोबर रंगाचे पोपडे. 1978 च्या आधीचं घर म्हणजे त्या रंगात शिसं असू शकतं, पोर रांगायला लागलं तेव्हा बायकोनं निकाल दिला की आता प्लॅस्टिक बास. शिश्याच्या रंगाचं काम करायला सर्टिफाइड माणूस लागतो, हे कोटेशन घेताना आवर्जून विचारा. तीनपैकी एकानं "चिंता करू नका" एवढंच उत्तर दिलं. त्याला तिथेच नमस्कार.

यू फॅक्टर म्हणजे खिडकीतून उष्णता किती निसटते, आकडा कमी तेवढा चांगला; एसएचजीसी म्हणजे उन्हाची उष्णता किती आत येते. सप्टेंबर 2024 मध्ये केसमेंट (दारासारख्या बिजागरीवर उघडणाऱ्या) ट्रिपल पेन, म्हणजे तीन काचांच्या, बसवल्या, यू 0.19, काचांमधल्या दोन पोकळ्यांत आर्गॉन वायू. केसमेंटच का, तर ती बंद होताना गास्केटवर दाबून बसते, सरकणाऱ्या खिडकीला सरकण्यापुरती फट ठेवावीच लागते. सेल्समन सगळीकडे कमी एसएचजीसीची काच गळ्यात मारत होता, उन्हाळ्यात एसी वाचतो म्हणे. अरे, इथे एसी किती महिने आणि फर्नेस किती महिने? हॉलच्या दक्षिणेकडच्या दोन खिडक्यांना मी भांडून जास्त ऊन आत घेणारी काच लावून घेतली आणि तो या अख्ख्या व्यवहारातला माझा एकमेव शहाणपणा. जानेवारीत बाहेर सगळं गोठलेलं असताना दुपारी बाराला त्या खिडकीखाली आई पाय पसरून शेंगा सोलत बसायची, शाल बाजूला.

आता मूर्खपणा. किचनची आणि मागच्या छोट्या बेडरूमची खिडकी उत्तरेला, लहान, "तिथे कशाला ट्रिपल" असं मीच म्हणालो. सेल्समननं लगेच दुसरी काच काढली. डबल पेनच, पण आतल्या बाजूला, म्हणजे आपला हात लागतो त्या पृष्ठभागावर, एक जादाचं लो-ई कोटिंग, म्हणजे उष्णता परत फेकणारा पातळ थर. यू 0.24. "ऑलमोस्ट ट्रिपल." खिडकीमागे दोनशे वीस डॉलर कमी, दोन्ही मिळून चारशे चाळीस. मी खूश. बायको म्हणाली, एवढं केलंयस तर तेवढ्यासाठी कशाला? मी म्हणालो, चारशे चाळीस डॉलर म्हणजे काय रस्त्यावर पडलेत का.

आता कळलं असेल पाणी कुठे येतं.

ऑक्टोबरमध्ये आधी उलटंच झालं होतं. सकाळी उठलो तर ट्रिपल पेनच्या बाहेरच्या बाजूनं दव, पलीकडचं झाड दिसेना. मी लगेच फोटो काढून कंपनीला मेल. मग कळलं की घरातली उष्णता बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही म्हणून ती काच रात्री गार पडते आणि दव धरते, म्हणजे खिडकी चांगली आहे. तो मेल पाठवायला नको होता. कारण पुढे जानेवारीत खरी तक्रार केली तेव्हा फोनवरच्या बाईंच्या आवाजात "हो हो, तेच ते दववाले" हे स्पष्ट ऐकू येत होतं.

जानेवारीत आमच्या डेकवरचा थर्मामीटर उणे 16 फॅरेनहाइट दाखवत होता, सेल्सिअसमध्ये उणे 27 धरा. ट्रिपल पेन खडखडीत कोरड्या. आणि या दोघी रडतायत. आई साताऱ्याहून डिसेंबरमध्ये आलेली, पहिल्याच दिवशी म्हणाली, "काचंला घाम आलाय बघ." आणि तिनं तिच्या पद्धतीनं उपाय केला, खिडकी उघडली. उणे तापमानात. मी किचनमध्ये आलो तर आई शांतपणे चहा गाळतेय आणि खिडकी सताड. मी ओरडलो. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

सर्व्हिसवाला तिसऱ्या फोननंतर आला. आल्या आल्या खिशातून हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र) काढून टेबलावर ठेवला. 44 टक्के. म्हणाला, बाहेर उणे दहा फॅरेनहाइटच्या खाली असेल तर घरात वीस टक्क्यांच्या आसपास पाहिजे, तुमच्याकडे इतकी दमट हवा कुठून येते? मी इकडेतिकडे बघितलं. स्टँडवर कपडे वाळत होते कारण आईचा ड्रायरवर विश्वास नाही. गॅसवर इडलीचं भांडं. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, दोन बाकी. बेडरूममध्ये ह्युमिडिफायर, कारण आईचं नाक कोरडं पडून रक्त यायचं. एक्झॉस्ट फॅन बंद, कारण त्याचा आवाज होतो.

इथे माझी पहिली माघार. चूक बरीचशी आमची होती. फॅन लावायला लागलो, ह्युमिडिफायर रात्रीपुरता, कपडे बेसमेंटमध्ये ड्रायरला. आणि आईचं खिडकी उघडणं बरोबर होतं! बाहेरची ती हवा इतकी कोरडी असते की पाच मिनिटं खिडकी उघडली की काटा धाडकन खाली येतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग ओरडलास कशाला?"

दुसरी गोष्ट त्यानंच सांगितली आणि ही फुकट आहे म्हणून सगळ्यांनी करा. केसमेंटची जाळी आतल्या बाजूला असते, हिवाळ्यात ती काढून ठेवा. जाळीमुळे घरातली गरम हवा काचेपर्यंत नीट जात नाही, मधे गार हवेचा थर साचतो. जाळ्या काढल्यावर पाणी निम्म्यावर आलं.

निम्म्यावर. संपलं नाही. आर्द्रता 28 टक्क्यांवर आणली, इडल्या बंद झाल्या, तरी त्या दोन खिडक्यांच्या खालच्या कडेला ओल आहेच. बाकीच्या अकरांना काही नाही. घर तेच, हवा तीच, कुकर तोच. मग?

सर्व्हिसवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजायचं यंत्र) घेऊन आला. किचनच्या काचेवर रोखली, 63 अंश फॅरेनहाइट. "बघा, काच गरम आहे, खिडकीत काही प्रॉब्लेम नाही." मी काचेला हात लावला. बर्फ. त्याला म्हटलं तुम्ही लावून बघा. तो गनकडे बघतोय. आता मी काही फिजिक्सवाला नाही पण आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत हेच वाचत बसलो होतो. ड्रॉवरमधून मास्किंग टेप काढली, दोन इंचाचा तुकडा काचेवर चिकटवला, दहा मिनिटं थांबलो, तोवर आईनं त्याला चहा दिला. मग म्हटलं आता टेपवर मारा. मधोमध 46. खालच्या कोपऱ्यात दुसरा तुकडा लावला, 35.

झालं असं की आतल्या बाजूचं कोटिंग खोलीतली उष्णता आरशासारखी परत फेकतं. गन काचेचं नाही, त्या आरशातलं आमच्या किचनचं तापमान वाचत होती. आणि हेच मूळ दुखणं आहे. साधी काच खोलीची उष्णता पिऊन थोडी कोमट राहते. ही पीत नाही, परत पाठवते. त्यामुळे घरातली उष्णता वाचते, लेबलवर यू चांगला दिसतो, पण काच स्वतः गार राहते आणि गार काचेवर पाणी येणारच. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो 0.24 आकडा मिळाला तीच गोष्ट मला पहाटे बनियान घेऊन उभी करतेय. लेबलवर कंडेन्सेशन रेझिस्टन्सचा (काच पाणी धरण्याला किती दाद देत नाही त्याचा) आकडा छापायची सक्ती नाही आणि माझ्या लेबलवर तो नव्हताच. मागून घ्या.

तुमच्या काचेवर कोटिंग कुठे आहे ते बघायचं असेल तर संध्याकाळी देवातलं निरांजन उचला आणि काचेसमोर धरा. डबल पेनमध्ये चार ज्योती दिसतात, ट्रिपलमध्ये सहा, प्रत्येक पृष्ठभागाची एक. ज्या ज्योतीचा रंग वेगळा, तिथे कोटिंग. आमच्या किचनमध्ये आपल्याला सगळ्यात जवळची ज्योत वेगळ्या रंगाची, आणि आतून मोजत तिसरीही. मी एका हातात निरांजन घेऊन तेरा खिडक्यांसमोरून फिरलो. आईला वाटलं मी घराची आरती करतोय.

पैशांचं आता सांगतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. पहिल्या हिवाळ्याचं गॅसबिल आदल्या वर्षीपेक्षा *जास्त* आलं. दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग आठवलं की 2023-24 चा हिवाळा इथला आजवरचा सगळ्यात उबदार होता. मग बिलं डिग्री डेजनी (त्या हिवाळ्यात किती थंडी होती त्याचं माप) भागून बघितली तेव्हा कुठे वर्षाला अंदाजे एकशे दहा डॉलरची बचत दिसली. कागदावर गणित केलं तरी तेवढंच येतं. जुनी खिडकी स्टॉर्मसकट यू 0.5 धरा, नवी 0.2, तेरा खिडक्यांचं मिळून दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट, इथले सात हजारांच्या वर डिग्री डेज, नव्वदेक थर्म (गॅस मोजायचं एकक) निघतात. फेडरल टॅक्स क्रेडिट तेव्हा खर्चाच्या तीस टक्के पण खिडक्यांना कमाल सहाशे डॉलरच होतं, आणि त्याला नुसता एनर्जी स्टार (ऊर्जाबचतीचा सरकारी शिक्का) चालत नव्हता, त्यातली 'मोस्ट एफिशियंट' ही वरची श्रेणी लागायची. म्हणजे सोळा हजार आठशे भागिले एकशे दहा. दीडशे वर्षं. "खिडक्या स्वतःचे पैसे वसूल करतात" असं जो सेल्समन म्हणेल त्याला विचारा, कोणत्या पिढीत?

खरं सांगायचं तर नुसते पैसेच वाचवायचे असते तर आधी माळ्यावर इन्सुलेशन टाकायला हवं होतं आणि खिडक्यांना बाहेरून लो-ई काचेच्या नव्या स्टॉर्म लावल्या असत्या तरी बरंच काम झालं असतं, कितीतरी कमी खर्चात. हे मला काम झाल्यावर कळलं. नेहमीप्रमाणे.

बसवण्याबद्दल थोडं. आम्ही इन्सर्ट केलं, म्हणजे जुनी चौकट ठेवून आत नवी खिडकी. चौकट सडलेली नव्हती म्हणून ठीक, पण काच सगळीकडून आक्रसते. आईनं दाराशीच विचारलं, "खिडक्या बारक्या केल्या का रे?" बेडरूमला आगीत बाहेर पडण्याइतकी उघडी जागा कायद्यानं लागते, सहसा 5.7 चौरस फूट, ती इन्सर्टमध्ये कमी पडू शकते, आधी मोजून घ्या. आणि वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती घेऊन कडेकडेनं फिरा. छोट्या बेडरूमच्या डाव्या बाजूला धूर असा वाकला की कोणीतरी फुंकर मारतंय. ट्रिम काढून बघितलं तर त्या बाजूला फोमच भरला नव्हता, मोकळी फट. हे मात्र कंपनीनं निमूट मान्य करून त्याच आठवड्यात भरून दिलं, वाद नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगितली नव्हती: शांतता. आम्ही विमानतळाजवळ राहतो, आता विमान जातं ते डोळ्यांनी कळतं. तोटा एवढाच की पहाटे बर्फ ढकलणारा ट्रक येऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून जातो तोही ऐकू येत नाही. दोनदा मीटिंग चुकली.

दोन काचांचं पुढे काय झालं, तर कंपनी म्हणाली लेबलप्रमाणे माल दिलाय, वॉरंटीत बसत नाही. टेपचे फोटो, रोजचं तापमान आणि आर्द्रतेची वही, असं सगळं पाठवल्यावर म्हणाले चौकट तीच ठेवून तीन काचांचा पॅक बसवून देतो, मजुरी आमची, काचेचे तुम्ही द्या. सहाशे दहा डॉलर. म्हणजे चारशे चाळीस वाचवायला गेलो आणि वर एकशे सत्तर दिले. बायको काही बोलली नाही, फक्त बनियान उचलून कचऱ्यात टाकलं. मी ते परत काढून ठेवलंय.

पॅक मे महिन्यात बसले. खिडक्या घ्यायच्या विचारात असाल तर ते टॅक्स क्रेडिट फक्त 31 डिसेंबर 2025 पर्यंत *बसवून* झालेल्या खिडक्यांना, नुसती ऑर्डर चालत नाही, त्यानंतर ते नाही. आणि थोडे पैसे वाचवायला माझ्यासारखी काच निवडू नका.

अजून कडाक्याची थंडी पडली नाहीये, त्यामुळे त्या दोन खिडक्यांचा निकाल बाकी आहे. आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, इडलीचं भांडं माळ्यावरून खाली आलंय. मास्किंग टेपचे दोन तुकडे मी काचेवर आत्ताच चिकटवून ठेवलेत, एक मधोमध आणि एक खालच्या कोपऱ्यात.