खोक्यावर १ मिलिसेकंद, टेबलावर २२: घरी बनवलेल्या लॅगमापकाचा आठ महिन्यांचा अनुभव

नवा २७ इंची, १६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घरी आला त्याच आठवड्यात धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जुन्यावरच नेम चांगला बसत होता. यावर क्लिक उशिरा लागतंय." जुना म्हणजे ऑफिसातून आणलेला साधा ६० हर्ट्झचा. खोक्यावर तर ठळक अक्षरांत १ मिलिसेकंद छापलेलं. मी त्याला सवयीचा भाग म्हणून गप्प केलं, पण ते मनात राहिलं, आणि त्यातून हा मापक बनला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दुकानदारही दोन्हींत गल्लत करतात. खोक्यावरचा आकडा रिस्पॉन्स टाइमचा असतो, म्हणजे पिक्सेल एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला किती वेळ घेतो त्याचा. इनपुट लॅग वेगळा. बटण दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा सगळा वेळ त्यात येतो: यूएसबी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरच्या आतली प्रक्रिया आणि शेवटी पिक्सेल. खोक्यावर हा आकडा शोधून सापडत नाही.

सुरुवात फोनच्या स्लो मोशनने केली. २४० फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. बोट नेमकं कधी टेकलं हे ठरवण्यातच एकदोन फ्रेम हातातून जातात. मोठी गडबड पकडायला ठीक, पण पाच-सात मिलिसेकंदांचा फरक यात दिसत नाही.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून प्रो मायक्रो नावाचा छोटा आर्डुइनो प्रकारचा बोर्ड, बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड ओळखणारा सुटा भाग) आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर आणला. सगळं हजाराच्या आत बसलं. हाच बोर्ड का, तर त्यावरची ३२यू४ चिप संगणकाला थेट माउस म्हणून दिसते, नेहमीच्या आर्डुइनो ऊनो बोर्डाला ते सहज जमत नाही. बोर्ड स्वतःच क्लिक पाठवतो, माझा छोटा प्रोग्रॅम पडदा काळ्याचा पांढरा करतो, फोटोडायोडला उजेड दिसला की घड्याळ थांबतं. अशी दोनशे मापं घ्यायची.

पहिला महिना मापकाच्या चुका शोधण्यातच गेला. दोन क्लिकमध्ये बरोबर एक सेकंद ठेवला होता, तर आकडे जिन्यासारखे हळूहळू चढायचे आणि एकदम खाली यायचे. क्लिक आणि पडद्याचा रिफ्रेश जवळजवळ एका तालात चालले होते. मधलं अंतर अनियमित केल्यावर जिना गेला. दुसरी चूक खोलीतल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची. ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि डायोडला तेही दिसतं. आता दिवा बंद करून, डायोडभोवती काळी नळी लावूनच मोजतो. मॉनिटरची ब्राइटनेसही पूर्ण ठेवतो, कारण काही मॉनिटर उजेड कमी करताना बॅकलाइट लुकलुकवतात.

त्यानंतर आलेले आकडे, व्ही-सिंक (नवं चित्र पडद्याच्या फेरीशी जुळवून दाखवणारी सेटिंग) बंद, प्रोग्रॅम पूर्ण पडद्यावर: जुना मॉनिटर ६ ते २२ मिलिसेकंद, सरासरी १४. नवा मॉनिटर, भाऊ वापरत होता तसाच, १४ ते ३०, सरासरी २२.

भाऊ बरोबर होता. विंडोजने नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच ठेवला होता, आणि या मॉनिटरची आतली प्रक्रिया ६० वर संथ आहे. डिस्प्ले पोर्टची केबल लावली, सेटिंग्जमध्ये जाऊन १६५ निवडलं आणि पुन्हा मोजलं: ६ ते १२, सरासरी ९. त्याला आकडा न सांगता खेळायला बसवलं. दहा मिनिटांत त्याने मान वळवून विचारलं, "काय केलंस?" त्याची मी मनापासून माफी मागितली.

या आकड्यांत मला सरासरीपेक्षा पसारा, म्हणजे सर्वांत लहान आणि मोठ्या मापातलं अंतर, जास्त मोलाचा वाटतो. ६० हर्ट्झला पडदा एकदा रंगवण्याची एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, १६५ ला ६.०६ ची. पसारा नेमका तेवढाच येतो, कारण क्लिक फेरीच्या कुठल्याही टप्प्यावर पडू शकतं. पसारा त्याहून बराच मोठा आला तर आधी मापकावर संशय घ्यायचा. त्यामुळे कोणी एकच आकडा सांगितला तर मी विचारतो: किती मापं घेतली, आणि पडद्यावर कुठे?

कुठे हा प्रश्न व्ही-सिंक चालू असताना फार महत्त्वाचा. पडदा वरून खाली रंगवला जातो, म्हणून ६० हर्ट्झवर वरच्या कडेपेक्षा खालची कड सुमारे १६ मिलिसेकंद मागे असते. व्ही-सिंक बंद असताना नवं चित्र फेरीच्या मध्येच घुसतं, चित्र फाटलेलं दिसतं, पण वर-खाली सरासरी सारखीच येते. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला डायोड बिघडला असं वाटलं होतं. व्ही-सिंकने १६५ वरही माझी सरासरी ९ वरून २४ वर नेली. रांगेत थांबलेल्या फ्रेमची ती किंमत.

मापकाच्या उणिवा आहेत. हा आकडा पूर्ण साखळीचा आहे, एकट्या मॉनिटरचा नाही. म्हणून एकाच संगणकावर दोन मॉनिटर लावून फरक बघतो. लॅग मोजणारं लिओ बोडनारचं तयार यंत्र स्वतःच सिग्नल देतं, त्यामुळे ते मॉनिटर वेगळा मोजतं, पण त्याचा जुना प्रकार १०८० पी, ६० हर्ट्झवरच चालतो. माझं कोडं तर १६५ वरचं होतं. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नाजूक आहे, चौथ्या महिन्यात उखडून आलं. नव्या बोर्डावर पहिल्याच दिवशी गरम गोंद ओतला. आणि ऑनलाइन गेम चालू असताना हे जोडू नका. आपोआप क्लिक करणारं उपकरण अँटी-चीटला (गेममधली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमला) फसवणूकच वाटेल, आणि खातं बंद झालं तर परत मिळवणं कठीण.

खरा माउस यात मोजला जात नाही, कारण बोर्डच माउस बनतो. भावाला आता वायरलेस माउसची शंका आहे. त्याच्या जुन्या माउसच्या स्विचला दोन तारा सोल्डर करून ठेवल्यात, रविवारी मोजायचं ठरलंय. या वेळी आकडा येईपर्यंत मी त्याला गप्प करणार नाही.